‘तुझा स्वभावच तसा’ म्हणणाऱ्यांसाठी

द्राक्षबागायतदारांत उठबस असलेल्या माणसानं मानसोपचारांबद्दल लिहावं, असा आमच्याकडे रिवाज नाही. बागेतल्या डाऊनी रोगाबद्दल लोक तासभर बोलतील, स्वतःच्या उडालेल्या झोपेबद्दल चकार शब्द काढणार नाहीत. मी द्राक्ष सल्लागार आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या बागा बघतो, राहायला नाशिकला. लहानपणी घरात सोसलेल्या मारावर आणि शिव्यांवर मी गेल्या काही काळात रीतसर उपचार घेतले, अजून घेतो आहे. हे उपचार कसे चालतात, त्यामागचं विज्ञान काय सांगतं, हे मराठीत एका जागी मला कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून लिहितो.

सुरुवात डोकेदुखीनं झाली. मानेतून वर चढायची आणि संध्याकाळपर्यंत उतरायची नाही. त्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट होती, जिला मी दुखणं मानतच नव्हतो. समोरच्यानं आवाज चढवला की माझी वाचा बसायची. निर्यातदाराचा माणूस बागेत उभा राहून ‘हा माल चालणार नाही’ म्हणाला की मण्याची साइझ, ब्रिक्स म्हणजे गोडी, फवारलेल्या औषधांच्या रेसिड्यूचा रिपोर्ट, सगळं तोंडपाठ असूनही माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. शेतकरी माझ्याकडे बघत राहायचा. घरी बायको म्हणायची, "अहो, तुम्ही स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वागता." ग्लास घ्यायलासुद्धा मी विचारायचो. मित्र म्हणायचे, तुझा स्वभावच तसा आहे, बुजरा. स्वभावाला औषध नाही, हे आपल्याकडे सगळे मानतात, मीही मानत होतो.

न्यूरोलॉजिस्टनं मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. रिपोर्ट नॉर्मल आला. तो घेऊन मी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहायचो तेव्हापासूनचे ते डॉक्टर. त्यांनी रिपोर्टवर नजर टाकून तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या भुवईवरचे टाके मीच घातलेत. जिन्यावरून पडला असं तुझी आई म्हणाली होती. मी तेव्हा काही बोललो नाही, पण मला कळलं होतं. आता त्याच्यासाठी कुणाला तरी भेट." चिठ्ठीवर त्यांनी गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव लिहून दिलं.

घरची परिस्थिती थोडक्यात सांगतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचे. सिडकोतलं छोटं घर, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. अण्णा कामावरून आले की स्टीलचा डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायचे. त्या आवाजावरून आम्हाला रात्र कशी जाणार ते कळायचं. डबा आपटला तर आईला दोन शिव्या बसणार आणि तिथंच संपणार. नेहमीसारखा ठेवला तर काही नाही. हळू, अगदी आवाज न करता ठेवला, तर त्यांनी वाटेत काहीतरी ठरवलेलं असायचं, आणि ते बहुतेक वेळा माझ्याबद्दल असायचं. मग ‘इकडे ये’ अशी शांत हाक, पट्टा, आणि त्याहून जास्त वेळ चालणारं बोलणं. बिनकामाचा. खायला काळ, भुईला भार. तुझ्याऐवजी कुत्रं पाळलं असतं तर राखण तरी केली असती. हे मी सातवी-आठवीत असेपर्यंत जवळजवळ रोज ऐकत होतो. शेजारच्या घरांतूनही असेच आवाज यायचे, त्यामुळे यात काही वेगळं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार सोसल्याचं निघालं. आकडा वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, राग आला.

त्या सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पहिल्या काही भेटींत उपचार असे काही झाले नाहीत. माहिती घेणं चाललं होतं. झोप, भूक, दारू, बायकोशी संबंध, आत्महत्येचे विचार, सगळं सरळ विचारलं. मग एक प्रश्नावली दिली. लहानपणीच्या आघातांसाठी जगभर वापरतात ती, २८ वाक्यांची. ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमीच’पर्यंत पाच पर्याय, त्यातल्या एकावर खूण करायची. शारीरिक मार, भावनिक छळ, लैंगिक अत्याचार, भावनिक हेळसांड आणि शारीरिक हेळसांड अशा पाच गोष्टी त्यातून मोजतात. माराची वाक्यं मी भराभर भरली. घरच्यांनी केलेला अपमान, आपण जन्मलो नसतो तर बरं झालं असतं असं घरच्यांना वाटतंय ही भावना, ही वाक्यं आली तिथं पेन थांबलं. मी म्हणालो, "मॅडम, हे सगळ्यांच्याच घरी असतं ना?" त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी होतं का, एवढंच लिहा. बाकीच्यांची घरं आपण नंतर बघू."

त्या प्रश्नावलीनं मला एक गोष्ट शिकवली. आजवर मी पट्ट्यालाच मार समजत होतो, बोलण्याची गिनतीच करत नव्हतो. मॅडमनी सांगितलं की संशोधकांना बोलण्याच्या छळाच्या खुणा मेंदूत सापडल्या आहेत. अमेरिकेत बॉस्टनजवळ मॅक्लीन हॉस्पिटल आहे, हार्वर्डशी जोडलेलं. तिथे डॉ. मार्टिन टायचर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच विषयावर काम करत आहेत. लहानपणी आईवडिलांच्या शिव्याशाप ऐकत वाढलेली, पण बाकी मारहाण वगैरे न झालेली तरुण मुलंमुली त्यांनी निवडली. त्यांच्या मेंदूत भाषेशी संबंधित भागांना जोडणारा चेतातंतूंचा जुडगा कमकुवत दिसला. हा अभ्यास २००९ मध्ये आला. २०१२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात घरात मारहाण होताना नुसती पाहिलेल्या मुलांमध्ये दृष्टीशी संबंधित जोडमार्गात फरक आढळला. म्हणजे ज्या इंद्रियातून त्रास आत आला, त्याच इंद्रियाच्या वाटेवर खूण राहिली. हे वाचलं त्या रात्री मी झोपलो नाही. आईनं काय काय पाहिलं असेल, भावानं काय पाहिलं असेल, हेच डोक्यात फिरत होतं.

मग मी वाचतच गेलो. मॅडमनी दोन-तीनदा सांगितलं की वाचनाचा वेग कमी करा, पण एखाद्या गोष्टीचं कारण कळल्याशिवाय मला त्यावर फवारणी करता येत नाही, ही माझ्या कामाची सवय.

मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास २०१४ चा, त्याच टायचरांच्या गटाचा. १८ ते २५ वयाचे २६५ तरुण, त्यांतले १४२ लहानपणी छळ सोसलेले, बाकीचे न सोसलेले. त्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरचे वेगवेगळे भाग एकमेकांशी किती जोडलेले आहेत याचं जाळं गणितानं मांडलं आणि त्या जाळ्यात कोणता भाग किती मध्यवर्ती आहे हे मोजलं. छळ सोसलेल्यांमध्ये डाव्या बाजूचा पुढचा सिंग्युलेट भाग आणि कानशिलाजवळचं टोक, ज्याला टेम्पोरल पोल म्हणतात, यांचं महत्त्व कमी झालेलं दिसलं. पहिला भाग भावनांना आणि आवेगाला आवर घालतो. दुसरा समोरच्याच्या मनात काय चाललं असेल हे ओळखायला मदत करतो. उलट उजवीकडचे दोन भाग जाळ्यात जास्त मध्यवर्ती झालेले दिसले. त्यांतला एक, प्रिक्युनिअस, स्वतःविषयीच्या विचारांशी जोडलेला, आणि दुसरा, इन्सुला, छातीतली धडधड, पोटातला गोळा अशा आतल्या संवेदना जाणवून देणारा.

माझं सगळं आयुष्य त्या चार ओळींत होतं. समोरचा काय म्हणतोय यापेक्षा माझ्या पोटात काय होतंय याकडेच माझं लक्ष जातं. कुणी हसलं तर माझ्यावरच हसलं असं आधी वाटतं. कौतुक केलं तर त्यामागे काय असेल ते शोधतो. यालाच लोक स्वभाव म्हणतात. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांत अशा माणसांचा कल चिंता, संशय, दुखावलं जाण्याची तयारी याकडे झुकलेला सापडतो, आणि त्रास फार लहानपणी, फार काळ झाला असेल तर काहींमध्ये तो व्यक्तिमत्त्वाच्या विकारापर्यंत जातो. मॅडमनी मला विकाराचं नाव दिलं नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या मेंदूनं त्या घरात जगायला जे लागतं तेच शिकून घेतलं. घर बदललं, शिकलेलं तसंच राहिलं.

मग मी साहजिकच विचारलं, की माझा एमआरआय नॉर्मल कसा? साधा क्लिनिकल एमआरआय गाठ, रक्तस्राव, सूज असल्या गोष्टी शोधतो. जोडण्या बघायच्या तर वेगळ्या पद्धती लागतात. एका पद्धतीत माणूस यंत्रात नुसता पडून असतो आणि कोणत्या भागांतला रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार एकमेकांबरोबर चालतो ते मोजतात. दुसरीत चेतातंतूंच्या कडेनं पाण्याचे रेणू कोणत्या दिशेनं सरकतात यावरून तंतूंचे मार्ग काढतात. आणि हे करूनसुद्धा जे दिसतं ते शेकडो माणसांच्या सरासरीतला फरक. एकट्या माणसाचा स्कॅन बघून याला लहानपणी मारलं होतं की नाही, हे आज कुणीही सांगू शकत नाही. तसं सांगून कुणी महागडी तपासणी करायला लावत असेल, तर कृपा करून पैसे घालवू नका. मी ठाण्यातल्या एका केंद्राला फोन करून चौकशीसुद्धा केली होती. मॅडमनी अडवलं ते बरं झालं.

डब्याच्या आवाजाबद्दल मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी मला एका वेगळ्या संशोधनाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सेठ पोलॅक यांनी मुलांना चेहरे दाखवले, भाव हळूहळू बदलत जाणारे. मार खाल्लेली मुलं चेहऱ्यावरचा राग इतर मुलांपेक्षा खूप आधी ओळखायची, तो जेमतेम उमटत असताना. आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या गटानं २०११ मध्ये दाखवलं की घरात हिंसा सोसलेल्या मुलांच्या मेंदूत रागीट चेहरा पाहिल्यावर धोक्याशी संबंधित भाग, अमिग्डाला आणि इन्सुला, जास्त जागे होतात. लढाई पाहिलेल्या सैनिकांमध्येही असंच आढळलं होतं. मी सिडकोतल्या त्या ओट्यापाशी हेच शिकलो होतो. आजही बागेत शिरल्या शिरल्या मला कळतं की मालक आणि त्याच्या भावात सकाळीच वाजलंय. धंद्यात याचा मला उपयोग झाला आहे, हे खोटं कशाला सांगू? पण घरी बायको नुसती दमलेली असली तरी मला ती रागावलेलीच दिसायची, आणि मग मी तिच्यापासून लांब लांब राहायचो. तिला वाटायचं माझं तिच्याकडे लक्ष नाही. लक्ष होतं, फार होतं. तिनं गॅसवर कढई कशी ठेवली तेवढ्यावर.

त्रास कोणत्या वयात झाला यालाही महत्त्व असतं. मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वयात जास्त हळवे असतात. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या तरुणींच्या २००८ च्या एका छोट्या अभ्यासात तीन ते पाच या वयातला त्रास स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसवर दिसला, नऊ-दहा या वयातला मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्यावर आणि चौदा ते सोळातला कपाळामागच्या भागावर. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे चटकन समजतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, सूक्ष्म घडनिर्मिती होते. नेमक्या त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली, नत्र जास्त झालं, की ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्या डोळ्यातून घडाऐवजी बाळी, म्हणजे बिनमण्याचा तंतू, निघते. बघणाऱ्याला वाटतं ऑक्टोबरात काहीतरी चुकलं. म्हणून तर आम्ही छाटणीआधी काड्या तपासून घेतो, घड कुठे आहे ते डोळा चिरून बघतो. हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण तुमच्या वेलीचा तो डोळा एकदाच फुटतो. मेंदू मोठेपणीही शिकतो, आणि आपण इथे त्यासाठीच बसलोय."

याला पुरावा आहे. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली १३६ लहान मुलं होती. त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक कुटुंबांत ठेवलं गेलं. पुढे तपासलं तेव्हा कुटुंबात गेलेल्या मुलांचे मेंदूतले बरेच जोडमार्ग कधीच अनाथालयात न राहिलेल्या मुलांसारखे होत आलेले दिसले. ती मुलं फार लहान होती, मी चाळिशी ओलांडलेली. तरी मला त्या अभ्यासानं धीर दिला.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे येतो. आधी बरेच आठवडे नुसती तयारी. अंगात भीती चढायला लागली की पाय जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. मला हे पोरखेळ वाटलं होतं. पण जुन्या आठवणी उघडल्यावर त्यातून बाहेर यायचा रस्ता माहीत असल्याशिवाय त्या उघडायच्या नाहीत, यावर मॅडम ठाम होत्या. या बाबतीत त्यांचा आदर वाटतो. एका ओळखीच्या माणसाला दुसरीकडे पहिल्याच भेटीत सगळं बोलायला लावलं होतं, तो परत गेलाच नाही.

मग ईएमडीआर, म्हणजे नजर डावीउजवीकडे फिरवत आघाताच्या आठवणीवर काम करायची पद्धत. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आघातानंतरच्या त्रासासाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यांत ही आहे. एक आठवण निवडायची. मी हळू ठेवलेला डबा निवडला, मार नव्हे, त्याआधीचा तो क्षण. त्या क्षणी स्वतःबद्दल काय वाटतं ते एका वाक्यात सांगायचं. माझं वाक्य होतं, ‘माझ्यात काहीतरी खोट आहे.’ त्याऐवजी काय वाटायला हवं? पुष्कळ वेळ मला काही सुचेना. शेवटी म्हणालो, ‘मी लहान होतो.’ मग त्रास शून्य ते दहात किती, ते विचारलं. नऊ म्हणालो. मॅडमनी समोर दोन बोटं धरून डावीउजवीकडे हलवायला सुरुवात केली. डोकं न हलवता डोळ्यांनी त्यांचा पाठलाग करायचा आणि आठवण मनात धरायची. थोड्या वेळानं त्या थांबायच्या आणि एवढंच विचारायच्या, "आता काय येतंय?"

जे येत होतं त्याची मी कल्पना केली नव्हती. आधी ओट्याची फरशी आली, तिचा तुटलेला कोपरा. मग आईचे हात, पीठ लागलेले, मळता मळता थांबलेले. तीही डब्याच्या आवाजाकडे कान लावून असायची, हे मला तीस वर्षांनी त्या खुर्चीत कळलं. मग माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला, पळायच्या आधी येतो तसा. मॅडम म्हणाल्या, "तसंच बघत राहा." आणि शेवटी शेवटी एक चौथीतला मुलगा दिसला, अर्धी चड्डी, गुडघ्याला मुंबई नाक्यावर पडल्याचं खरचटलेलं. मला त्याच्यात कसलीही खोट दिसेना. मी पुष्कळ रडलो. बाहेर कॉलेजातली पोरं गाड्या उडवत चालली होती, तो आवाज मला अजून लक्षात आहे.

त्या रात्री आणि नंतरचे काही दिवस वाईट गेले. स्वप्नं पडली, विनाकारण चिडचिड झाली. हे होणार असं आधी सांगितलेलं होतं, म्हणून बायकोलाही मी सांगून ठेवलं होतं. असे उपचार घेताना कामाचं वेळापत्रक सैल ठेवा. भर हंगामात सुरू करू नका. पुढच्या भेटींत तीच आठवण पुन्हा घेतली, आकडा खाली येत गेला. बोटं हलवल्यानं नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांत वाद आहेत. एक म्हणणं असं की आठवण धरणं आणि नजर फिरवणं ही दोन्ही कामं एकदम करताना आठवणीची धार बोथट होते. मला पटतं, पण माझ्यापुरतं सांगायचं तर डबा आठवला की आता पोटात गोळा येत नाही. दुःख होतं. दुःख सोसता येतं.

यानंतर रोजच्या जगण्यातली कामं. निर्यातदाराच्या माणसाशी बोलताना आधी माफी न मागता आपलं म्हणणं सांगायचं, एवढा एकच गृहपाठ. पिंपळगावजवळच्या एका बागेत तो माणूस आवाज चढवून बोलायला लागला. मी पाय जमिनीवर दाबले, श्वास सोडला आणि म्हणालो, "साहेब, रिपोर्ट बघून बोलू." माझा आवाज कापत होता. पण शब्द बाहेर आले. बायकोच्या बाबतीत मी आता ओळखायच्या भानगडीत पडत नाही, विचारतो, "रागावली आहेस का दमली आहेस?" बहुतेक वेळा दमलेलीच असते. डोकेदुखी बरीच कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही.

माझ्या धाकट्या भावाचं मात्र वेगळं. तोही त्याच घरात वाढला, मारही खाल्ला. तो म्हणतो, "दादा, अण्णांनी मारलं म्हणून आपण वळणावर आलो. मला काही झालेलं नाही." यावरून आमचे खटके उडाले. त्याला पटवायचं मी सोडून दिलं, कारण त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं असू शकतं हे मला मान्य करावं लागलं. आंद्रेया दानेझी आणि कॅथी विडम या संशोधकांनी २०२० मध्ये १,१९६ माणसांचा अभ्यास मांडला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या छळाची अमेरिकी न्यायालयात १९६० आणि ७० च्या दशकांत नोंद झाली होती. मोठेपणीच्या मानसिक आजारांचा संबंध न्यायालयाच्या नोंदीपेक्षा, आपला छळ झाला असं त्या माणसाला स्वतःला वाटतं की नाही, याच्याशी जास्त निघाला. उलट टायचरांच्या गटाला असंही दिसलं की छळ सोसूनही आजारी न पडलेल्यांच्या मेंदूतही जोडण्यांचे बदल असतात, त्यांच्या जाळ्यानं ते कुठेतरी भरून काढलेलं असतं. दोन्ही वाचून मी भावाशी वाद घालणं बंद केलं. एकच गोष्ट मी त्याच्याकडून मागून घेतली. त्याच्या पोराला मारायचं नाही. शाळेत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं बंद केलं आहे. घरात कायदा इतक्या सहज पोचत नाही, तिथं काकालाच बोलावं लागतं.

अण्णांशी बोलायचं की नाही, यावर बरीच चर्चा झाली. मॅडमचं म्हणणं, माफीची अपेक्षा धरून जाऊ नका, तुम्हाला काय सांगायचं ते आधी ठरवा. अण्णा निवृत्त होऊन गावी निफाडला बाग बघतात. बांधावर बसून मी त्यांना सांगितलं, "अण्णा, लहानपणच्या मारानं आणि बोलण्यानं मला फार त्रास झाला. त्यासाठी मी डॉक्टरांकडे जातो." ते आधी म्हणाले, "मारलं म्हणूनच शिकलास." मी उत्तर दिलं नाही. मग बऱ्याच वेळानं ते स्वतःहून ७२ च्या दुष्काळाबद्दल बोलायला लागले. चौदा वर्षांचे असताना खडी फोडायला जायचे, मिलो या लाल ज्वारीची भाकर, सरकारी सुकडी. टोपल्या कमी भरल्या म्हणून आजोबांनी सगळ्या कामावरच्या लोकांसमोर घणाच्या दांड्यानं मारलं होतं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि रागही तसाच राहिला. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला उपचारांत कळलेलं होतं. त्यांनी माफी मागितली नाही. माझ्या मुलांना त्यांनी कधी बोट लावलेलं नाही, हेही खरं.

कुणाला जायचं असेल तर चारदोन व्यवहाराच्या गोष्टी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का ते सरळ विचारा, चांगला माणूस रागावत नाही. झोपेचा त्रास, आत्महत्येचे विचार, दारू असं काही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा, औषधांची गरज तेच ठरवू शकतात. खर्च परवडत नसेल किंवा कुठे जावं कळत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलता येतं. एखाद्या मुलाला आज, आत्ता मार बसत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. डॉक्टर ओळखीचे असतील आणि त्यांना मुलाच्या अंगावरच्या खुणा दिसत असतील, तर त्यांनी बोलावं, ही माझी हात जोडून विनंती आहे. आमचे डॉक्टर चाळीस वर्षं चांगले डॉक्टर होते, तरी ते वाक्य बोलायला त्यांना इतका उशीर लागला.

सध्या माझ्या भेटी महिन्यातून एकदा होतात. एक आठवण अजून उघडलेली नाही, भुवईवरच्या टाक्यांची. तिला हात घालायची तयारी झाली आहे असं मॅडमना वाटतं, मलाही वाटतं. ऑक्टोबर छाटणीची धावपळ उरकली की तिच्यावर काम सुरू करायचं, असं आम्ही ठरवलं आहे.